आधी उठून भावाकडे जा

(२९ डिसेंबर २०२४ रोजी बजाजनगर येथे झालेल्या, दहावी १९९९ च्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, फक्त दोन-तीन विनोद संपादकांनी काढले.)



आधी उशिराबद्दल माफी मागतो. आज रविवार. सकाळची उपासना संपली, पेटी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि निघालो, तोवर इकडचा नाश्ता उरकला होता. पोह्याच्या पातेल्यात आता फक्त शेंगदाणे आहेत, असं मला दारातच सांगण्यात आलं. चालेल. शाळेतसुद्धा डबा उघडायच्या वेळी मी नेहमी शेवटीच पोचायचो.

हा विषय माझ्या गळ्यात का पडला, ते तुम्हाला माहीत आहे. ऑगस्टमध्ये आपल्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. त्यात काय होतं ते इथं सांगत नाही, सर आणि बाई बसल्या आहेत. दोन दिवस सगळे एकमेकांना काहीबाही बोलले. तिघांनी ग्रुप सोडला. त्यात एक मुसलमान, एक हिंदू आणि एक मी. नंतर ॲडमिनचा फोन आला, ‘तू परत ये, आणि मेळाव्यात तूच बोल. धर्माधर्मांत शांतता कशी ठेवायची ते सांग. तुमच्यात ते शांती-प्रीती बरंच असतं ना.’

असतं. पण मी पाळक नाही. वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीत काम करतो. आलेला पार्ट मापात बसतो की नाही एवढंच पाहायची मला सवय आहे. म्हणून आज तेच करणार आहे. माझ्या श्रद्धेतलं एक वाक्य घेतो आणि ते आपल्या बजाजनगरच्या मापात बसतं का ते पाहतो.

आपण सगळे इथले कसे झालो ते आठवा. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्यामागून इतर कारखाने आले. आपले आईवडील इथं आले ते बीडहून, जालन्याहून, परभणीहून, वैजापूर-गंगापूरहून. इथला मूळचा म्हणावा असा आपल्या वर्गात कोण होता? वडगाव कोल्हाटी, जोगेश्वरी, रांजणगावचे चार-पाच जण. बाकी सगळे भाड्याच्या खोलीतले. माझे वडील १९८७ ला नेवासा तालुक्यातून आले. नेवासं म्हणजे जिथं पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते गाव. नगर रस्त्याने गेलं तर इथून तासाभराचं अंतर. माझ्या आजोबांना ज्ञानेश्वरीतल्या ओव्या पाठ होत्या आणि दाविदाची स्तोत्रंही पाठ होती. दोन्ही ते एकाच चालीत म्हणायचे, त्यामुळे लहानपणी मला कोणतं कुठलं ते कळायचं नाही.

पाचवीत नाव घालताना एका शिक्षकांनी विचारलं होतं, ‘ख्रिश्चन? मग आडनाव असं कसं?’ वडील हसून म्हणाले, ‘सर, आडनाव गावाकडून आलंय, देव नंतर भेटला.’

त्या काळी बजाजनगरात आमचं चर्च नव्हतं. सणाला बसने छावणीत जायचो, एरवी घरातच चटई टाकून प्रार्थना. माझ्या वडिलांचं धर्मशास्त्र कारखान्याच्या शिफ्टच्या तक्त्यावर लिहिलेलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची पाळी ते दरवर्षी स्वतः मागून घ्यायचे. ईदच्या दिवशी दुसऱ्या पाळीला थांबायचे. त्या बदल्यात चोवीस डिसेंबरची रात्र त्यांच्या लाईनवरचे कोणीतरी सांभाळायचे. एकदा सुपरवायझरने नाताळची सुट्टी नाकारली, तेव्हा लाईनवरच्या दोघांनी आपापसांत पाळ्या फिरवून त्यांना घरी पाठवलं. घरी आलेले वडील दारातच म्हणाले होते, ‘आज एका वारकऱ्याने माझा नाताळ केला.’ धर्मांतला संवाद या शब्दावर नंतर मी बरीच व्याख्यानं ऐकली. पाळीची अदलाबदल मात्र एकाही वक्त्याच्या तोंडून ऐकली नाही.

सातवी-आठवीत मराठीच्या सरांनी रेव्हरंड टिळकांची कविता शिकवली होती. सर, तुम्हाला आठवत नसेल. फुलांची आणि मुलांची कविता लिहिणारा हा माणूस, असं सांगून तुम्ही माझ्याकडे बोट केलंत आणि म्हणालात, ‘हे याच्या मंडळीतले बरं का.’ सगळा वर्ग वळला. त्याआधी वर्ग माझ्याकडे वळायचा तो वेगळ्या कारणांनी. त्या रात्री मी घरचं ‘उपासना संगीत’ उघडलं. त्यात गीताखाली तेच नाव, ना. वा. टिळक. शाळेच्या पुस्तकातला माणूस आमच्या गाण्याच्या पुस्तकातही होता! माझी दोन घरं एका भिंतीने जोडलेली आहेत, हे मला त्या रात्री समजलं. समजलं, पण पुरतं नाही. कारण त्याच वर्षी मी जे केलं ते आज सांगायचं आहे. पंचवीस वर्षं ते कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते फक्त एकाला, तेही दोन वर्षांपूर्वी.

शाळेचा गणपती. आरतीला रोज एकेका घरून प्रसाद यायचा. त्या दिवशी माझ्याच बाकावरच्या मित्राच्या आईने उकडीचे मोदक केले होते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्या काकूंच्या हातचं खाल्लंय. माझ्या हातावर एक मोदक ठेवला गेला. गरम होता. संडे स्कूलमध्ये मला शिकवलेलं होतं की मूर्तीपुढे ठेवलेलं खायचं नाही. खायची भीती, आणि ‘मी खात नाही’ म्हणायची लाज. या दोहोंच्या मधे मी पाण्याच्या टाकीमागे गेलो, मोदक गटारात टाकला आणि हात धुतले. वळलो तर तो उभा होता.

तो काही बोलला नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही एकाच बाकावर बसलो, दहावीपर्यंत बसलो. एवढंच.

आता ते वाक्य. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनात ते येतं. माझ्या शब्दांत सांगतो. तू तुझं अर्पण घेऊन वेदीपाशी गेलास, आणि तिथं तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही सल आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग येऊन अर्पण कर.

हे मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलं असेल. ऐकताना नेहमी समजायचो की, कोणाबद्दल मनात राग असेल तर तो काढून टाका. पण तिथं तसं नाहीये. रागावलेला मी नाही, समोरचा आहे. तक्रार त्याची आहे. आणि तरी उठून जायचं मला. तो बरोबर आहे की चूक हे तिथं विचारलेलंच नाही. येशूचं बोलणं ऐकणारे गालीलातले लोक होते आणि वेदी होती यरुशलेमात, म्हणजे कित्येक दिवसांची पायपीट. इतक्या लांब नेलेलं अर्पण तिथंच ठेवून भावासाठी मागे फिर, असं सांगणं आहे ते. देवाला तुझी पूजा हवी आहे, पण तो थांबेल. भाऊ थांबणार नाही.

माझ्या दृष्टीने ख्रिस्ती माणसाच्या शांततेच्या कामाचा पाया हा आहे. ‘सगळे धर्म शेवटी सारखेच’ हे वाक्य मला वापरता येत नाही. ग्रुपवर ते वाक्य टाकणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण ते मला खरं वाटत नाही, आणि माझ्या मुसलमान मित्रालाही वाटत नाही. आमच्यातले फरक मोठे आहेत आणि ते आम्हाला जिवापाड आहेत. पण फरक मिटल्याशिवाय शेजार करता येत नसेल तर मग कधीच करता येणार नाही. मला माझी श्रद्धा बाजूला ठेवून तुमच्याकडे यायचं नाही. श्रद्धाच मला वेदीपासून उठवते आणि तुमच्या दारात पाठवते.

आणि हे वाक्य कोणी पाळलेलं मी पाहिलं, ते ऐका. १० जुलै २०२२, आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पुढच्या वर्षी, २९ जून २०२३ ला, पुन्हा तसंच. आपल्या शेजारच्या छोट्या पंढरपुराला आषाढीला केवढी गर्दी होते ते आपण लहानपणापासून पाहतोय. त्या दोन वर्षांत महाराष्ट्रात अनेक गावांच्या मुसलमानांनी ठरवलं की एकादशीला कुर्बानी करायची नाही, नंतर करायची. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असते, त्यामुळे शास्त्र मोडत नव्हतं. पण सण तो सण. वर्तमानपत्रात ती बातमी वाचताना माझ्या अंगावर काटा आला. भावाच्या मनाला लागू नये म्हणून हातातलं अर्पण थांबवून ठेवायचं! ज्यांनी मत्तय वाचलेला नसेल त्यांनी मत्तय पाळला होता. आणि वाचणारा मी अजून टाकीमागेच उभा होतो.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण भावाच्या मनातला सल नेहमी मोदकाएवढा लहान नसतो.

इथून दीड तासावर जालना आहे. तिथं नारायण शेषाद्री नावाच्या धर्मोपदेशकांनी काम केलं. मूळचे ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडील कोर्टात गेले, कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. त्याला जातीत परत घ्यावं की नाही यावर मुंबईत रणकंदन झालं आणि बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले. एक भाऊ दाराच्या या बाजूला, एक त्या बाजूला. आम्ही ख्रिस्ती लोक नारायणरावांची गोष्ट अभिमानाने सांगतो. त्यांच्या आईवडिलांची गोष्ट सांगत नाही. पुढे नारायणरावांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं, गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना तिथं घरं आणि शेती मिळाली. जमीन दिली निजामाचे दिवाण सर सालार जंग यांनी. मुसलमान दिवाण, ब्राह्मणाघरचा ख्रिस्ती उपदेशक आणि गावाने दूर लोटलेली माणसं. मराठवाड्याच्या मातीत हेही आहे.

ही गोष्ट मला दोन्ही बाजूंनी टोचते. त्या काळातल्या मिशनऱ्यांनी दवाखाने काढले, मुलींच्या शाळा काढल्या, माझी आजी त्यामुळेच वाचायला शिकली. पण त्यांच्यातल्या कित्येकांनी दुसऱ्यांच्या देवांबद्दल जे लिहिलं ते वाचवत नाही. ‘तुमच्या लोकांनी असं लिहिलंय’ असं कोणी मला दाखवलं, तर मी दवाखान्यांची यादी काढून दाखवायची का? पूर्वी दाखवायचो. ती यादी खरी आहे, पण ते उत्तर नाही. भावाचा सल ऐकायला गेलेल्या माणसाने स्वतःची प्रगतिपुस्तकं सोबत न्यायची नसतात.

टिळकांना हे फार आधी कळलं होतं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस सांगायचा की, आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. तिथं बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले एकत्र बसणार होते. दोन वर्षांत ते गेले, दरबार फार वाढला नाही. अपयशी ठरला असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मला त्यातली बैठक महत्त्वाची वाटते. सतरंजी तीच, पंगत तीच.

आणि फादर दिब्रिटो. या वर्षी जुलैत ते गेले. वसईतले कॅथलिक धर्मगुरू, ‘सुवार्ता’चे संपादक, हरित वसईच्या आंदोलनात गावकऱ्यांबरोबर रस्त्यावर उतरलेले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते. धर्मगुरूला अध्यक्ष का केलं म्हणून काही संघटनांनी जाहीर विरोध केला. तब्येत साथ देत नव्हती, तरी ते आले. आम्ही इथून चौघं गाडी करून गेलो होतो. मी प्रोटेस्टंट, ते कॅथलिक. आमच्यात काय काय फरक आहेत त्याची यादी मोठी आहे, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे ती कधीकधी हिंदू-मुसलमानांच्या यादीपेक्षा मोठी होते. आमच्या मंडळीत पेटी कोणाच्या घरी राहणार यावरून दोन घरं आठ महिने बोलत नव्हती. जगाच्या शांततेचं काय घेऊन बसलात! पण त्या मांडवात, मराठी बोलणाऱ्या गर्दीत, मराठीचा मान एका पांढऱ्या झग्यातल्या माणसाकडे जाताना पाहिला आणि मला सातवीतला तो तास आठवला.

त्यांच्याच नावाच्या एका संताची, फ्रान्सिसची, एक हकिकत आहे. १२१९ साल, इजिप्तमध्ये दमिएत्ता शहराला क्रूसेडवाल्यांचा वेढा पडलेला. असिसीचा फ्रान्सिस एका साथीदाराला घेऊन, हातात काही नसताना, युद्धरेषा ओलांडून सुलतान अल-कामिलच्या छावणीत गेला. बोलणं झालं. सुलतान ख्रिस्ती झाला नाही, फ्रान्सिस मुसलमान झाला नाही. सुलतानाने त्याला सुखरूप परत पाठवलं. लढाई थांबली नाही. असं असूनही आठशे वर्षं ती भेट लोक विसरलेले नाहीत आणि लढाईच्या तारखा मात्र मलाही पाहून सांगाव्या लागतात.

असो. पुन्हा बजाजनगर.

२०२२ साली, कोरोनानंतर, आमची घरातली उपासना एका रो-हाऊसच्या हॉलमध्ये सुरू झाली. रविवारी सकाळी आठला. एक स्पीकर होता, मीच आणला होता. चार महिन्यांनी कळलं की गल्लीतल्या लोकांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय. आवाजाचा त्रास, आणि ‘इथे धर्मांतर चालते’ असं एक वाक्य. खाली सह्या. तिसरी सही माझ्या बाकावरच्या मित्राची.

मी पेटलो. घटनेतलं पंचवीसावं कलम, धर्मस्वातंत्र्य, सगळं घालून पोलीस स्टेशनसाठी उलट अर्ज लिहिला. अर्ज चांगला होता, सरांनी पैकीच्या पैकी दिले असते. तो खिशात होता आणि त्या रविवारी शास्त्रवाचनाची पाळी माझी होती. पाळकसाहेबांनी दिलेला उतारा, मत्तय पाच. मी उभा राहून वाचायला लागलो आणि त्या वाक्यापाशी आवाज बसला. समोर प्रभुभोजनाचं टेबल मांडलेलं. लोकांना वाटलं घसा धरलाय, कोणीतरी पाणी आणून दिलं. मी भोजन घेतलं नाही. चप्पल घातली आणि त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तो खिळे तोलत होता. मी म्हणालो, ‘अर्जाचं बोलायला नाही आलो. तुझं काय म्हणणं आहे ते ऐकायला आलोय.’ त्याने खिळे तोलून पुडी बांधली, गिऱ्हाईक घालवलं, मग म्हणाला, ‘आमच्या गल्लीत सहा जण तिसऱ्या पाळीचे आहेत. सकाळी सातला घरी येतात. आठला तुझा स्पीकर.’

मित्रहो, मी कामगाराचा मुलगा. तिसऱ्या पाळीहून आलेल्या वडिलांच्या झोपेसाठी आमची आई कुकरची शिट्टी धरून बसायची. आणि हे मला कोणी सांगावं लागलं.

मग त्याने दुसरं विचारलं, सरळ, ‘पैसे देऊन माणसं आणता का?’ राग आला, पण तोंडावर विचारलं याचं बरंही वाटलं. मी म्हणालो, ‘आम्हाला पत्र्याच्या दुरुस्तीला पैसे जमत नाहीत. येऊन बस एखाद्या रविवारी.’ तो आलाही. मागच्या खुर्चीवर बसला, प्रवचन लांबलं तेव्हा पेंगला, वर्गात पेंगायचा तसाच. नंतर म्हणाला, ‘इतकं कंटाळवाणं असेल तर कोण धर्म बदलेल रे?’ वेळ साडेदहाची केली. स्पीकर विकला. उलटा अर्ज घरी फायलीत आहे, भाषा चांगली आहे म्हणून ठेवलाय.

उठता उठता मी म्हणालो, ‘अजून एक. सातवीतला मोदक.’ त्याने मान वर केली नाही. ‘माहीत आहे,’ म्हणाला. ‘मी पाहिलं होतं.’ मी माफी मागितली. तो ‘हं’ म्हणाला आणि खिळ्यांचा डबा जागेवर ठेवला.

प्रसादाचं मी आता काय करतो, असं काही जण विचारतील. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात नेमक्या या प्रश्नावर पानंच्या पानं खर्च केलीत. मूर्तीला दाखवलेलं अन्न खावं की नाही? त्याला चिंता आहे ती मुख्यतः मंडळीतल्या कच्च्या भावाची, की तुझ्या खाण्याने त्याला ठेच लागू नये. मी ती काळजी पुढे ओढून शेजारच्या घरापर्यंत नेतो. हे माझं वाचन, आमच्या पाळकसाहेबांना पूर्ण मान्य नाही. माझ्या घरात दोन मतं आहेत. कोणी खातो, कोणी हात जोडून सांगतो की आम्ही घेत नाही. हात जोडून सांगितलेलं ‘नाही’ कोणाला लागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. लागतं ते गटार.

आता शेवटचं. २९ मार्च २०२३ च्या रात्री शहरात किराडपुऱ्यात, राममंदिराजवळ, काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी रामनवमी. रमजान चालू होता. आमचा उपवासकाळ चालू होता, तीन दिवसांनी झावळ्यांचा रविवार. किराडपुरा इथून पंधरा-सोळा किलोमीटर, पण मोबाइलवरून ते बजाजनगरात अर्ध्या मिनिटात पोचतं. जळालेल्या गाड्यांचे व्हिडिओ आले, काही तिथले, काही भलतीकडचे. जोगेश्वरीच्या रस्त्यावर गॅरेज असलेला आपला वर्गमित्र, ऑगस्टमध्ये ग्रुप सोडणाऱ्या तिघांतला एक, त्याचा मला फोन आला. ‘गॅरेजवर कोणी येणार म्हणतात. खरं-खोटं माहीत नाही. पोरं घाबरलीत.’

मी हार्डवेअरवाल्याला फोन लावला. त्याने एवढंच विचारलं, ‘तू कुठे आहेस?’ वीस मिनिटांत तो तिथं होता. विचार करा, आदल्या वर्षी तो उलटा अर्ज मी खिशातून काढला असता, तर त्या रात्री मी कोणाला फोन लावला असता?

दोन रात्री आम्ही तिघं गॅरेजबाहेर खुर्च्या टाकून बसलो. कोणी आलं नाही. येणार होतं की नाही, तेही कळलं नाही. शौर्य काही नाही, डास मात्र भरपूर होते. हार्डवेअरवाल्याने बसल्या बसल्या ओळखीच्या दहा-बारा जणांना फोन करून सांगितलं की मी स्वतः इथं बसलोय, इथं काही नाही, व्हिडिओ पुढे पाठवू नका. माझ्या फोनने जे होत नव्हतं ते त्याच्या फोनने होत होतं. शांततेच्या कामात प्रत्येकाचा आवाज आपापल्या घरातच पोचतो. दुसऱ्याच्या घरात तो पोचवायला दुसऱ्याच्या घरातला माणूस लागतो, आणि तो त्या रात्रीपुरता मिळत नाही.

दुसऱ्या रात्री साडेतीन-चारच्या सुमारास गॅरेजवाल्याच्या घरून सहेरी आली. त्याने आमच्यापुढेही ताट सरकवलं. खजूर, पराठे, चहा. खाता खाता मी हार्डवेअरवाल्याला विचारलं, ‘तू तेव्हा घरी का नाही सांगितलंस? काकूंना?’

तो म्हणाला, ‘सांगणार होतो. घरापर्यंत गेलो होतो सांगायला. मग विचार केला, आईला कळलं तर ती मला नाताळला तुझ्याकडे पाठवायची नाही. आणि तुझ्या आईच्या करंज्या...’

गॅरेजवाला इतका हसला की त्याचा चहा सांडला. माझी आई २०१९ ला गेली. आता करंज्या बायको करते, आईसारख्या होत नाहीत, हे ती स्वतःच सांगते. परवाच्या नाताळला दोघंही आले होते. काकूंनी पाठवलेला डबा हार्डवेअरवाल्याने माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘आईने केलेत, देवापुढे ठेवलेले नाहीत. मी विचारून घेतलंय.’

उकडीचेच होते. गरम नव्हते, पण मी उभ्या उभ्या तीन खाल्ले.

जेवण तयार आहे असं मागून खुणावताहेत. या वेळी मी पहिल्या पंगतीला बसणार आहे.